पहिल्यांदा मुंबई हायला जाताय? कागद, ट्रेनिंग, परमिट आणि कोण कशावर लक्ष ठेवतं, सगळं एका जागी

दर दोन-तीन महिन्यांनी गावाकडचा कोणीतरी पोरगा फोन करतो, दादा ऑफशोअरला काम मिळतंय, जाऊ का, काय काय लागतं. मी अलिबागच्या बाजूचा, इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलेला, गेली नऊ वर्षं कॉन्ट्रॅक्टरकडून मुंबई हायवर जातोय-येतोय. फोनवर तेच तेच सांगून कायतरी राहतंच, म्हणून एकदाच बसून लिहितोय. पगार किती आणि जेवण कसं हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी सांगणारे ते सेफ्टीचं, म्हणजे सरकारचं कुठलं खातं कशावर लक्ष ठेवतं, त्यातलं तुमच्या हातात काय येतं आणि कुठल्या कागदावर डोळे झाकून सही करायची नसते ते.

मुंबई हाय म्हणजे किनाऱ्यापासून साधारण 160 किलोमीटर आत समुद्रातलं तेल-गॅसचं क्षेत्र. 1974 मध्ये सागर सम्राट रिगला तिथे तेल लागलं, 1976 पासून उत्पादन सुरू आहे, आणि तिथून पाइपलाइन थेट आपल्या उरणला येते. तिथे कायतरी झालं तर फायर ब्रिगेडची गाडी येत नाही, ॲम्ब्युलन्स येत नाही, जे आहे ते तुमच्या आसपासच आहे, हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

१. आधी हे विचारा: मी नक्की कशावर चढणार आहे?

"ऑफशोअरला जायचंय" एवढ्यावर हो म्हणू नका. प्लॅटफॉर्म (समुद्रतळावर कायमचा उभा), रिग (विहीर खोदणारी), जहाज आणि बार्ज (माणसं राहायची तरंगती बोट) या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं एकच नाही.

समुद्रातल्या तेल-गॅसच्या कामाच्या सेफ्टीसाठी 2008 चे नियम आहेत, पेट्रोलियम अँड नॅचरल गॅस सेफ्टी इन ऑफशोअर ऑपरेशन्स रूल्स. ते बघतं ओआयएसडी, म्हणजे ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डायरेक्टोरेट, 1986 मध्ये झालेलं, पेट्रोलियम मंत्रालयाच्या हाताखालचं. प्लॅटफॉर्म किंवा रिग चालवायला त्यांची संमती लागते. जहाज आणि बार्ज समुद्रात राहण्यालायक आहे का, त्यावर माणसं आणि बोटी पुरेशा आहेत का, हे बघतं नौवहन महासंचालनालय, आपण ज्याला डीजी शिपिंग म्हणतो ते. हेलिकॉप्टर डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतूक बघणाऱ्या खात्याकडे. शोध आणि बचाव कोस्ट गार्डकडे. गुजरात-आसामच्या जमिनीवरच्या विहिरी परत वेगळ्या, त्या धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, त्यामुळे तिकडचा अनुभव असलेला माणूस इकडे येऊन "आमच्याकडे असं नसतं" म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो, त्याचा कायदाच वेगळा असतो.

हे सगळं नवीन माणसाला कशाला हवं? कारण उद्या तक्रार करायची वेळ आली की लोक चुकीच्या दारात जातात आणि तिथून "हे आमच्याकडे येत नाही" ऐकून परत येतात. आणि बार्जवर राहणारा वेल्डर, फिटर, पेंटर हा सगळ्यात जास्त मधे लटकतो, कारण तो राहतो जहाजावर आणि काम करतो तेलाचं. त्याने तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

२. कागदपत्रं

हे सगळं ओरिजिनल, दोन-दोन झेरॉक्स आणि फोनमध्ये स्कॅन, असं तिन्ही ठेवा.

- आधार, पॅन आणि असेल तर पासपोर्ट
- पोलीस व्हेरिफिकेशन (हे पोलीस स्टेशनवर अडकून पडतं, सगळ्यात आधी सुरू करा)
- ऑफशोअरसाठीचं मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट
- सी सर्व्हायवल आणि हेलिकॉप्टरच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट
- तुमच्या ट्रेडचं सर्टिफिकेट, आयटीआय, डिप्लोमा, वेल्डर असाल तर क्वालिफिकेशन टेस्टचा कागद
- जहाजाच्या क्रूमध्ये असाल तर सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), इंडोस नंबर (खलाशाचा नोंदणी नंबर) आणि एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे) बेसिक कोर्स
- नेमणुकीचं पत्र, त्यावर कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता आणि विम्याचा उल्लेख
- पीएफचा यूएएन नंबर

शेवटच्या दोन गोष्टींवर जोर देतोय. कॉन्ट्रॅक्टरच्या खाली सब-कॉन्ट्रॅक्टर आणि त्याच्या खाली अजून एक मॅनपॉवरवाला, अशी उतरंड असते. तुमचा मालक कोण हे तुम्हालाच सांगता येत नसेल तर घरच्यांनी कोणाकडे जायचं? पत्राचा फोटो बायकोला, आईला, भावाला, कोणाला तरी पाठवूनच निघा.

सापळा: जहाजावरच्या नोकरीसाठी एजंट पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. जहाजावर माणसं लावणाऱ्या एजन्सीला डीजी शिपिंगचं आरपीएसएल लायसन लागतं आणि लायसनवाल्याला उमेदवाराकडून नोकरीचे पैसे घेता येत नाहीत. यादी डीजी शिपिंगच्या साइटवर आहे, पाच मिनिटांचं काम आहे, बघून घ्या.

३. मेडिकल

बीपी, शुगर, कान, डोळे, रंग ओळखणं, छातीचा एक्स-रे, ईसीजी वगैरे. रोजची गोळी सुरू असेल तर लपवू नका, डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन आणि पूर्ण ट्रिप पुरून चार दिवस उरतील एवढ्या गोळ्या घ्या. लपवलेला आजार वर, म्हणजे प्लॅटफॉर्मवर, जाऊन उफाळला तर तुम्हाला खाली आणायला हेलिकॉप्टर लागतं, आणि पावसाळ्यात ते मिळेलच असं नाही. हे उगाच घाबरवायला लिहीत नाहीये, पुढे सातव्या मुद्द्यात 2005 चं लिहिलंय ते वाचा.

४. ट्रेनिंग, आणि त्यातला पिंजरा

आंतरराष्ट्रीय कंपन्या बोसिएट मागतात, म्हणजे ऑफशोअरचं बेसिक सेफ्टी आणि इमर्जन्सी ट्रेनिंग, तीन दिवसांचा कोर्स, चार वर्षं चालतो. इथल्या बऱ्याच कामांना सी सर्व्हायवल, आग विझवणं, फर्स्ट एड आणि ह्युएट एवढं लागतं. गोव्यात बेतुलला ओएनजीसीची सेफ्टीची संस्था आहे, प्रायव्हेट सेंटर्स मुंबईच्या आसपास बरीच. फी भरायच्या आधी तुमच्या कंपनीला लेखी विचारा की कुठलं सर्टिफिकेट चालेल, कारण चुकीचा कोर्स करून पैसे घालवलेली पोरं मी खूप बघितलीत.

ह्युएट म्हणजे हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं ते. पोरं याला सगळ्यात जास्त घाबरतात म्हणून नीट सांगतो. स्विमिंग पूलवर एक लोखंडी पिंजरा असतो, आत सीटा, बेल्ट, खिडक्या. तुम्हाला बसवतात, बेल्ट लावतात, पिंजरा पाण्यात सोडतात आणि मग तो उलटा फिरवतात. पाणी सरळ नाकात जातं, वर-खाली काही कळत नाही, डोळे उघडले तर नुसते बुडबुडे. अशा वेळी फक्त तीन गोष्टी करायच्या. एक हात खिडकीच्या चौकटीवर घट्ट, तो सोडायचाच नाही. फिरणं थांबेपर्यंत गप बसायचं. मग आधी खिडकी ढकलायची आणि नंतर बेल्ट सोडायचा. माझ्या बॅचमधल्या एकाने घाईत आधी बेल्ट सोडला, तो तरंगून वर म्हणजे पिंजऱ्याच्या तळाला जाऊन चिकटला आणि खिडकी ढकलायला त्याला जोरच लागेना, डायव्हरने ओढून काढला. दुसऱ्यांदा त्याने बरोबर केलं. पोहता येत नसलं तरी हे जमतं, लाइफ जॅकेट असतं आणि डायव्हर शेजारीच असतात.

कोणी म्हणालं की पाच हजार दे, पाण्यात न उतरता सर्टिफिकेट देतो, तर घेऊ नका. व्हेरिफिकेशनमध्ये पकडलं जाईल ते सोडा, 2003, 2018 आणि 2022 मध्ये मुंबईच्या समुद्रात तेलकामगारांना नेणारी हेलिकॉप्टर खरोखर पडली आहेत. 2018 मध्ये सातच्या सात गेले. 2022 च्या जूनमध्ये सागर किरण रिगजवळ पडलं त्यात नऊ जण होते, चार गेले आणि पाच वाचले.

गॅसचं ट्रेनिंग मिळालं तर तेही मन लावून करा. हायड्रोजन सल्फाइड या विषारी गॅसला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण साधारण 100 पीपीएमला नाकच मरतं आणि वास येणं बंद होतं, ते कोणी लक्षात ठेवत नाही. वास गेला म्हणजे गॅस गेला असं अजिबात समजू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघायचा, वाऱ्याला आडवं निघायचं आणि मग वारा जिथून येतोय त्या बाजूला.

५. निघायचा दिवस

हेलिकॉप्टर असेल तर जुहू, बोट असेल तर बहुतेक वेळा न्हावा. तुमचं आणि बॅगेचं वजन करतात, लायटर, काडेपेटी, दारू, गुटखा काढून घेतात, मग सेफ्टीचा व्हिडिओ. व्हिडिओ दहाव्यांदा असला तरी बघा, कारण दर वेळी हेलिकॉप्टर तेच असेल असं नाही आणि खिडकी उघडायची पद्धत बदलते. लाइफ जॅकेट आत बसून कधीच फुगवायचं नाही, फुगलं की खिडकीतून बाहेर निघता येत नाही. चढता-उतरताना पायलटच्या नजरेसमोरून चालायचं, शेपटीकडे जायचंच नाही.

६. वर पोचल्यावरचा पहिला तास

रेडिओ रूममध्ये नाव नोंदवतात, पीओबी म्हणजे वर किती माणसं आहेत त्या यादीत तुमचं नाव चढतं आणि टी-कार्ड मिळतं. त्यावर तुमचं मस्टर स्टेशन, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायची जागा, आणि लाइफबोट नंबर असतो. नाव आणि कंपनीचं स्पेलिंग तिथेच तपासा.

मग सेफ्टी ब्रीफिंग होतं. ते झालं की बॅग टाकून झोपू नका. आपल्या खोलीपासून मस्टर स्टेशनपर्यंत दोन वेगळ्या वाटांनी चालत जाऊन या, आणि त्यातली एक भिंतीला हात लावून, कमी बघत. धूर झाला की दिसत नाही, हात लागतो. मी अजूनही नवीन प्लॅटफॉर्मवर गेलो की करतो. किती दरवाजे लागतात आणि ते आत उघडतात का बाहेर, एवढं तरी लक्षात ठेवा.

याच्यामागे एक कारण आहे. 6 जुलै 1988 ला ब्रिटनजवळच्या नॉर्थ सीमध्ये पायपर अल्फा प्लॅटफॉर्म जळाला, 167 माणसं गेली. त्यातली बरीचशी राहायच्या ब्लॉकमध्ये पुढच्या सूचनेची वाट बघत बसली होती. जे स्वतःहून वाट काढत खाली गेले किंवा समुद्रात उडी मारून गेले, त्यातलेच जास्त वाचले. म्हणून वाट पाठ पाहिजे.

७. क्रेन, बास्केट आणि 500 मीटर

प्लॅटफॉर्मच्या भोवती 500 मीटरचा सुरक्षा पट्टा असतो, परवानगीशिवाय कुठलीही बोट आत येऊ शकत नाही, आपल्या कोळी बांधवांच्या होड्यासुद्धा. हा नियम उगाच केलेला वाटेल, म्हणून 27 जुलै 2005 सांगतो. मुंबईत 26 जुलैचा प्रलय झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. समुद्र सुरक्षा नावाच्या जहाजावर एका कुकच्या बोटांना जखम झाली. हवामानामुळे हेलिकॉप्टर मिळेना. म्हणून त्याला क्रेनने माणसं उचलायच्या बास्केटमधून मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. जहाज जवळ आलं, लाटेत उचललं गेलं, त्याचं हेलिडेक गॅसच्या रायझरला, म्हणजे समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म जोडणाऱ्या उभ्या पाइपला, लागलं, गॅस सुटला आणि पेटला. दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला. 22 माणसं गेली, 362 वाचवली.

बोटाची जखम, आणि त्यातून एवढं. हे कळल्यापासून मी बास्केट ट्रान्सफरला कधी घाई करत नाही. लाट मोठी आहे असं वाटलं तर "आज नको" म्हणा. म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि चांगला क्रेन ऑपरेटर त्यावर कधीच चिडत नाही.

८. वर्क परमिट (हे दोनदा वाचा)

सरकारचे नियम, ओआयएसडीची स्टँडर्डं, कंपनीची मॅन्युअलं हे सगळं शेवटी तुमच्या हातात एका कागदाच्या रूपात येतं, तो म्हणजे परमिट. वर्क परमिटचं ओआयएसडीचं स्टँडर्ड 105 नंबरचं. हॉट वर्क (आग-ठिणगीचं काम), कोल्ड वर्क (बिनठिणगीचं), टाकीत उतरणं, इलेक्ट्रिकल आयसोलेशन (वीज तोडून कुलूप लावणं), प्रत्येकाचं वेगळं. देणारा वेगळा, घेणारा वेगळा, मधे गॅस टेस्ट, आणि शिफ्ट संपली की ते बंद करायचं किंवा रीतसर पुढे न्यायचं.

पायपर अल्फाची सुरुवात याच कागदातून झाली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता, जागेवर नुसती ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड बंद करायचं लोखंडी झाकण, लावलेली. रात्रीच्या शिफ्टला पंपाचं परमिट दिसलं, व्हॉल्व्हचं दिसलं नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला. त्याच्यानंतर ब्रिटनने लॉर्ड कलेन यांची चौकशी बसवली, 106 शिफारशी आल्या आणि देखरेख ऊर्जा खात्याकडून काढून सेफ्टीच्या वेगळ्या खात्याकडे दिली, कारण तेल वाढवा म्हणणारा आणि काम थांबवा म्हणणारा एकाच छपराखाली नको. अमेरिकेनेही 2010 च्या डीपवॉटर हॉरायझन रिगच्या स्फोटानंतर ही दोन कामं वेगवेगळ्या खात्यांकडे दिली, मंत्रालय मात्र एकच ठेवलं. आपल्याकडे ओआयएसडी अजून पेट्रोलियम मंत्रालयाखालीच आहे. माझं स्पष्ट मत आहे की ते वेगळं आणि जास्त ताकदीचं हवं, वर राबणारी माणसं आमची आहेत.

आता माझ्यावर आलेलं. तिसरी-चौथी ट्रिप असेल, एका व्हेसलचा, म्हणजे प्रेशरच्या टाकीचा, लेव्हल मोजणारा ट्रान्समीटर बदलायचा होता. परमिट तयार, "आयसोलेशन पूर्ण" (टाकीकडून येणारे व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावलं) वर टिक, सही झालेली, सुपरवायझर म्हणाला चल उरकून टाक. मी खाली गेलो तर वरच्या व्हॉल्व्हवर टॅग आणि कुलूप होतं, खालच्या व्हॉल्व्हवर काहीच नाही, हँडल पाइपच्या रेषेत, म्हणजे उघडा. स्पॅनर नटला लावलेला होता माझा. तसाच काढून घेतला आणि वर आलो. कोणी ओरडलं नाही, परमिट परत निघालं, चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांसाठी मी आजही त्या दिवशीच्या प्रॉडक्शनवाल्या काकांचा आभारी आहे, ते स्वतः माझ्याबरोबर खाली उतरले आणि प्रत्येक व्हॉल्व्हला हात लावून दाखवला.

म्हणून:

- परमिट कामाच्या जागी उभं राहून वाचा, ऑफिसात नाही.
- प्रत्येक आयसोलेशन स्वतःच्या हाताने तपासा, टिक बघून नाही.
- गॅस टेस्टची वेळ बघा. सकाळी आठची टेस्ट आणि काम दुपारी तीनला असेल तर परत करायला लावा.
- त्याच मशीनवर अजून कुठलं परमिट उघडं आहे का ते परमिट बोर्डवर बघा.
- शिफ्ट बदलताना तोंडी सांगून निघू नका, लिहून द्या आणि जागेवर नेऊन दाखवा.
- गॅस डिटेक्टर किंवा शटडाऊनची सिस्टीम बायपास केली असेल तर रजिस्टरमध्ये नोंद हवीच, आणि काम झाल्यावर ती परत नॉर्मल केली हे स्वतः बघा. विसरलेला बायपास कोणालाच दिसत नाही, गॅस सुटेपर्यंत.

९. ऑडिट येतं तेव्हा

ऑडिटवाले येणार कळलं की रंगरंगोटी सुरू होते आणि तुम्हाला सांगतात जास्त बोलू नकोस. इन्स्पेक्टर तुम्हाला साधंच विचारेल, तुझं मस्टर स्टेशन कुठे, शेवटची लाइफबोट ड्रिल कधी झाली, परमिट दाखव. माहीत असेल ते खरं सांगा. ड्रिल झाली नसेल तर झाली म्हणू नका. रजिस्टरमध्ये न झालेल्या ड्रिलखाली सही मागितली तर देऊ नका, कितीही जवळच्या माणसाने मागितली तरी. इन्स्पेक्टर एक-दोन दिवसांसाठी आलेला असतो, उरलेले दिवस तुम्हीच तिथे असता.

१०. वादळ आणि बार्ज

17 मे 2021, तौक्ते वादळ. पी-305 नावाची राहायची बार्ज, स्वतःचं इंजिन नसलेली, 261 माणसं वर. हवामान खात्याचे इशारे आधीपासून येत होते, बार्ज तिथेच राहिली. नांगर तुटले, ती वाहत जाऊन एका प्लॅटफॉर्मवर आदळली आणि बुडाली. नौदलाच्या आयएनएस कोची, कोलकाता आणि इतर जहाजांनी 186 जणांना काढलं, सत्तरहून जास्त गेले. जे वाचले त्यातले कित्येक जण लाइफ जॅकेट घालून रात्रभर पाण्यात एकमेकांचे हात धरून होते.

तेव्हा बार्जवर जाणाऱ्याने हे करायचंच. आपल्या खोलीतलं जॅकेट पहिल्याच दिवशी घालून बघा, पट्टे, शिट्टी, दिवा सगळं. लाइफ राफ्टवर सर्व्हिसची तारीख असते ती वाचा, उलटून गेली असेल तर फोटो काढून लेखी द्या. मे आणि जूनमध्ये रोज हवामान खात्याचं बुलेटिन स्वतः बघा. इशारा आला तर कॅप्टन आणि कंपनीच्या माणसाला चारचौघांसमोर विचारा की आपण किनाऱ्याला कधी निघतोय, आणि उत्तर घरी मेसेज करा.

११. तक्रार कुठे करायची

आधी तिथेच. काम थांबवा, सेफ्टी ऑफिसरला सांगा, अनसेफ कंडिशनचं कार्ड भरा आणि त्याचा फोटो ठेवा. मग ओआयएम, म्हणजे प्लॅटफॉर्मचा प्रमुख. त्याने ऐकलं नाही तर खाली आल्यावर ऑपरेटर कंपनीच्या एचएसई, म्हणजे सेफ्टीच्या, विभागाला ईमेल. तरी नाही तर प्लॅटफॉर्म आणि रिगचं ओआयएसडीला किंवा सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रारींच्या पोर्टलवर पेट्रोलियम मंत्रालयाच्या नावे, जहाज-बार्जचं डीजी शिपिंगला, पगार अडकला असेल तर केंद्रीय कामगार आयुक्तांच्या ऑफिसला, कारण तेलक्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत येतं. समुद्रात जीवावर बेतलं असेल तर कोस्ट गार्डचा 1554, हा नंबर घरच्यांच्या फोनमध्येसुद्धा सेव्ह करून द्या. तक्रारीत भावना कमी, तारीख, वेळ, जागा, परमिट नंबर जास्त.

१२. उतरताना

ट्रिप संपली की सगळे हेलिडेककडे पळतात. तुम्ही आधी उघडी परमिटं बंद करा, पुढच्या माणसाला जागेवर नेऊन दाखवा, टी-कार्ड परत द्या आणि रेडिओ रूममध्ये उभं राहून पीओबीच्या यादीतून आपलं नाव काढलेलं बघा. तुम्ही घरी पोचलेले असताना नाव वरच राहिलं तर आग लागल्यावर कोणीतरी तुम्हाला शोधायला परत आत जाईल.